करार क्रमांक 190 आणि उसाच्या फडातली बाई: महाराष्ट्रातील खासदारांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातून लोकसभेत आणि राज्यसभेत गेलेले सर्व सन्माननीय सदस्य यांस,

सविनय नमस्कार.

मागणी आधी सांगते, कारणे मागून. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 21 जून 2019 रोजी जिनिव्हात कामाच्या जगातली हिंसा आणि छळ संपवण्यासाठी एक करार संमत केला. त्याचा क्रमांक 190. चाळीसहून अधिक देशांनी त्याला मान्यता दिली आहे. सरकारी भाषेत त्याला अनुसमर्थन म्हणतात. भारताने ते केलेले नाही. ते व्हावे म्हणून लोकसभेतल्या 48 आणि राज्यसभेतल्या 19 अशा आपण सर्वांनी, पक्ष बाजूला ठेवून, संसदेत पाठपुरावा करावा. पाठपुरावा म्हणजे नेमके काय तेही शेवटी लिहिले आहे, कारण मोघम विनंतीला मोघमच उत्तर येते.

जिनिव्हातल्या कागदाचा आपल्या मतदारसंघाशी काय संबंध, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. मी बीड जिल्ह्यातून लिहिते आहे, म्हणून हे पत्र ऊसतोड करणाऱ्या बायकांपासून सुरू करते. आपल्यातल्या कित्येकांच्या घरात कारखान्याची चेअरमनकी आहे किंवा होऊन गेली आहे. कोयता, उचल, मुकादम हे शब्द आपल्याला समजावून सांगायची गरज नाही. फक्त तोच हिशेब बाईच्या बाजूने कसा दिसतो ते पाहावे.

कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, जोडीच्या कामावर मिळते, पण मजूर पुरवणाऱ्या मुकादमाच्या वहीत नाव नवऱ्याचे आणि पैसा त्याच्याच हातात. किती टन ऊस गेला, उचलीतून किती कटले, किती उरले, हे तिला कोणी सांगत नाही. पहाटे तीनला उठून ती चूल पेटवते, पाणी आणते, भाकरी बांधून फडावर जाते. तो तोडतो, ती साळते, मोळ्या बांधते आणि तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन गाडीला लावलेल्या फळीवरून वर चढते. पोटात मूल असले तरी फळी तीच. गाडी रात्री आली तर भरणी रात्री. अंघोळीला पाचटाचा नाहीतर जुन्या लुगड्याचा आडोसा. शौचाला उभा ऊस, आणि तो तोडून झाला की तेवढाही आडोसा नाही. एक दिवस बुडाला की खाडा, आणि खाड्याचे पाचशे ते हजार रुपये जोडीच्या हिशेबातून वजा. ताप आला, पाळीत उभे राहवेना, बाळंतपण झाले, तरी वहीत त्याला एकच नाव: खाडा.

2019 साली राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांतल्या 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. सहा जणींमागे एक. यात तिशीतल्या, चाळिशीतल्या बायकाही होत्या. खासगी दवाखान्यांनी कॅन्सरची भीती घातली हे खरे. पण ती भीती इतक्या सहज का पटली, तर पिशवी गेली की पाळी गेली आणि पाळी गेली की खाडा वाचला, हे गणित आधीच मनात तयार होते. तेव्हा विधिमंडळात चर्चा झाली, देशभरातले पत्रकार येऊन गेले, शस्त्रक्रियेला परवानगी घेण्याचे नियम झाले. खाडा मात्र आहे तिथेच आहे.

आता लैंगिक छळाकडे येते. याबद्दल बायका बैठकीत बोलत नाहीत, बैठक संपवून निघताना बोलतात. कोपीला, म्हणजे मजुरांच्या झोपडीला, दार नसते. नवरा गाडीबरोबर कारखान्यावर गेला, वजनकाट्याच्या रांगेत रात्रभर अडकला की ती पोरांना घेऊन एकटी. मुकादम, ट्रॅक्टरचा ड्रायव्हर, कारखान्याचा चिटबॉय, शेतमालक यांतला कोण कधी काय बोलेल, कुठे अडवेल, याचा नेम नसतो. मागच्या हंगामानंतर एकीला विचारले, तक्रार का केली नाहीस? ती म्हणाली, "कुणाकडं करू? उचल त्याचीच हाय आन् गावाकडं जायची गाडी बी त्याचीच."

पुढचे पत्र मी या उत्तरापाशी धरून लिहिते आहे, कारण आपला सध्याचा कायदा याच उत्तरापाशी अडतो.

कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणारा 2013 चा कायदा असंघटित क्षेत्रालाही लागू आहे. जिथे दहापेक्षा कमी माणसे कामाला आहेत किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच आहे, तिथे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचे. कागदावर सोय चांगली आहे. पण बाई बीडची, फड सांगलीचा, मुकादम तिसऱ्याच तालुक्याचा, आणि कधी कधी कारखाना कर्नाटकातला. तिने कोणत्या जिल्ह्याच्या समितीकडे जायचे? तक्रारीची मुदत तीन महिने, वाढवून मिळाली तर आणखी तीन. हंगामच पाच-सहा महिन्यांचा. ती गावी परत येईपर्यंत मुदत सरते आणि साक्षीदार आपापल्या वाडीवस्तीवर पांगतात. गोव्यातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे 2023 मध्ये या कायद्याच्या अंमलबजावणीबद्दल तीव्र नाराजी व्यक्त केली आणि डिसेंबर 2024 मध्ये जिल्हा अधिकारी, स्थानिक समित्या, तालुक्यातले समन्वय अधिकारी नेमण्यासाठी तारखा घालून दिल्या. कायदा होऊन अकरा वर्षे झाल्यावर समिती नेमा म्हणून देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागते, यावरून काय ते समजावे.

अंमलबजावणी सुधारली तरी एक गोष्ट उरतेच. 2013 चा कायदा फक्त लैंगिक छळापुरता आहे. उचलीचा फास, खाड्याचा दंड, हिशेब पुरा होईपर्यंत पोरासोरांना अडवून ठेवणे, हे सगळे त्याच्या बाहेर. करार 190 इथे वेगळा पडतो. त्याच्या पहिल्या कलमातली हिंसेची व्याख्या शारीरिक, मानसिक, लैंगिक आणि आर्थिक अशा चारही प्रकारच्या हानीला धरून आहे. नोकरीचा कागद असो वा नसो, काम शहरात असो वा गावात, संघटित असो वा असंघटित, करार लागू. तिसऱ्या कलमात कामाचे ठिकाण म्हणजे काय ते सांगितले आहे: मजुरी जिथे मिळते ती जागा, जेवायला-विसाव्याला बसतात ती जागा, अंघोळीची आणि शौचाची जागा, मालकाने राहायला दिलेली जागा, कामावर येण्याजाण्याची वाट. आठव्या कलमात असंघटित कामगारांच्या बाबतीत सरकारी यंत्रणांची भूमिका वेगळी नोंदली आहे. कोपी, पाचटाचा आडोसा, बीडहून निघणारा ट्रक, उचलीची वही, सगळे त्यात बसते. करार लिहिणाऱ्यांनी आपला फड पाहिला नसेल, पण फडात जे जे घडते त्याला त्यात जागा आहे.

कारखाने म्हणतात, हे आमचे कामगार नाहीत. आमचा करार वाहतूक ठेकेदाराशी, त्याचा मुकादमाशी, मुकादमाचा जोडीशी. पण दर ठरवायची वेळ आली की सगळे एका टेबलावर बसतात. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली. ती साखर संघ आणि मजूर संघटना यांच्या बोलणीतून ठरली, मुकादमांनी फडाफडांवर ठरवली नाही. ज्यांना टनाचा दर ठरवता येतो त्यांना टनामागच्या बाईच्या सुरक्षिततेची जबाबदारी घेता येत नाही, हे मला पटत नाही. आपल्यातल्या ज्यांचे कारखान्यांशी नाते आहे त्यांना हे वाक्य टोचेल. टोचावे म्हणूनच लिहिले आहे.

आता फिजीची गोष्ट सांगते, कारण ती दिल्लीत सांगण्यासारखी आहे.

1879 ते 1916 या काळात साठ हजारांवर भारतीय माणसे गिरमिटावर, म्हणजे मुदतबंद मजुरीच्या करारावर, फिजीच्या उसात नेली गेली. दर शंभर पुरुषांमागे चाळीस बायका हव्यात असा नियम होता. त्या बायका दिवसा फडात आणि रात्री कुली लाइनच्या खुराड्यात ओव्हरसीअरच्या आणि सरदाराच्या तावडीत असत. सरदार म्हणजे तिकडचा मुकादम. कुंती नावाच्या बाईला ओव्हरसीअरने एकटीला दूरच्या कामावर लावले आणि तिच्या अंगावर हात टाकला, तेव्हा तिने नदीत उडी घेतली. एका मुलाने होडीतून तिला वाचवले. तिची कैफियत कलकत्त्याच्या 'भारतमित्र'मध्ये छापून आली आणि देश पेटला. त्याआधीच, मार्च 1912 मध्ये, आपल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी गिरमिट पद्धत बंद करा असा ठराव व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात मांडला होता. सरकारी बहुमताने तो पाडला. पण मागणी मेली नाही. परदेशातल्या फडात कष्टणाऱ्या बायकांच्या अब्रूचा प्रश्न गावोगावच्या सभांत गेला, 1917 साली सरोजिनी नायडू अलाहाबादच्या सभेत त्यावर बोलल्या, भरती थांबली, आणि 1 जानेवारी 1920 रोजी फिजीतले उरलेले गिरमिट रद्द झाले. स्त्रियांच्या हक्कासाठी समुद्रापलीकडल्या सरकारला हलवायचे काम भारताने शंभर वर्षांपूर्वी केले, आणि तेही उसावरूनच.

त्याच फिजीने 25 जून 2020 रोजी करार 190 ला मान्यता दिली. उरुग्वेनंतर जगात दुसरी. दोन देशांची मान्यता मिळाल्यावर बारा महिन्यांनी करार लागू व्हायचा होता. म्हणजे 25 जून 2021 रोजी तो जगभर अस्तित्वात आला तो फिजीमुळे. आशियातल्या देशांत फिलिपिन्सने 2024 मध्ये पहिली मान्यता दिली. तिथेही ऊस पिकतो. आणि ज्या देशाने गिरमिटाविरुद्ध रान उठवले तो मात्र अजून विचार करतो आहे.

परदेशी संस्थेने आम्हाला काय शिकवावे, हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे, कधी कधी आपल्याच पक्षांच्या व्यासपीठावरून. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना परकी नाही. 1919 मध्ये ती स्थापन झाली तेव्हापासून भारत तिचा सदस्य आहे. त्याच वर्षी वॉशिंग्टनला भरलेल्या तिच्या पहिल्या परिषदेत भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले होते ना. म. जोशी, गोखल्यांच्या भारत सेवक समाजातले, मुंबईच्या गिरणगावात आयुष्य घालवलेले. बाळंतपणाच्या रजेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार त्याच परिषदेत झाला. जोशींनी 1924 मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूती लाभाचे विधेयक आणले, ते फेटाळले गेले. पुढे मुंबई प्रांतात तसेच विधेयक आले. 1928 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात त्याची बाजू घेतली आणि 1929 मध्ये कायदा झाला, देशातला पहिला. वॉशिंग्टनला 1919 मध्ये मांडलेली गोष्ट दहा वर्षांत गिरणीतल्या बाईपर्यंत पोचली, कारण मधे ती उचलून धरणारी माणसे कायदेमंडळात बसली होती. फडातल्या बाईपर्यंत ती अजून आलेली नाही.

यावर कोणी म्हणेल, त्या प्रसूती कराराला भारताने मान्यता दिलीच नव्हती, तरी कायदा झाला. मग मान्यतेवाचून अडते कुठे? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर राजस्थानातल्या भटेरी गावात आहे. तिथल्या भँवरीदेवी सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात साथिन, म्हणजे गावपातळीवरच्या कार्यकर्त्या, होत्या. बालविवाह थांबवायला गेल्या म्हणून 1992 मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. कामामुळे अत्याचार झाला, पण काम देणाऱ्याची जबाबदारी सांगणारा कायदाच नव्हता. महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. 13 ऑगस्ट 1997 च्या विशाखा निकालात न्यायालयाने आधार घेतला तो स्त्रियांविरुद्धचा सर्व प्रकारचा भेदभाव संपवण्याच्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराचा, म्हणजे सीडॉचा. भारताने त्याला 9 जुलै 1993 रोजी मान्यता दिली होती. देशात कायदा नसेल तर मान्य केलेल्या कराराच्या उजेडात मूलभूत हक्क वाचता येतात, असे म्हणून न्यायालयाने मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. 2013 चा कायदा यायला आणखी सोळा वर्षे लागली. ती सोळा वर्षे या देशातली नोकरदार बाई त्या मान्यतेच्या आधारावर उभी होती.

म्हणूनच कामगार मंत्रालयाचे नेहमीचे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. ते उत्तर आपल्याला पाठ असेल: देशातले कायदे कराराशी पूर्ण जुळल्याशिवाय भारत मान्यता देत नाही. बालकामगारांबद्दलचा 138 क्रमांकाचा करार 1973 चा. आपण 2016 मध्ये कायदा दुरुस्त केला आणि 2017 मध्ये मान्यता दिली. 44 वर्षे! तेवढ्यात दोन पिढ्या बिड्या वळून आणि फटाके भरून म्हाताऱ्या झाल्या. सीडॉच्या वेळी सगळे कायदे जुळले होते का? नव्हते. काही कलमांवर आपली भूमिका वेगळी नोंदवून भारताने मान्यता दिली, आणि तीच चार वर्षांत कामाला आली.

बिड्यांवरून आठवले. घरी बसून काम करणाऱ्यांचा एक करार आहे, क्रमांक 177, सन 1996. तो व्हावा म्हणून जिनिव्हात सर्वांत नेटाने भांडली ती अहमदाबादची 'सेवा' ही कामगार बायकांची संघटना आणि तिच्या संस्थापक इला भट्ट. भारताने त्यालाही मान्यता दिलेली नाही. सोलापूरच्या विडी कामगार बायकांना हे सांगितले की त्या हसतात. हा या पत्राचा विषय नाही, पण सोलापूरच्या खासदारांनी त्याचीही विचारणा करायला हरकत नसावी.

खुल्या पत्राने काय होते, असेही विचारले जाते. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या, आता गडचिरोलीत असलेल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात 1972 मध्ये एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडले. सप्टेंबर 1979 मध्ये कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले: उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर. निकाल बदलला नाही. पण देशभर मोर्चे निघाले आणि 1983 मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. माझ्याजवळ त्यांची विद्वत्ता नाही. मतदार यादीत नाव आहे, तेवढ्या जोरावर लिहिते.

आता कामाचे बोलू. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या घटनेच्या 19 व्या कलमानुसार कोणताही नवा करार संमत झाल्यावर तो वर्षभरात, फार तर अठरा महिन्यांत, देशातल्या योग्य सत्तेपुढे, म्हणजे आपल्याकडे संसदेपुढे, ठेवावा लागतो. तेव्हा पहिला तारांकित प्रश्न हाच: करार 190 संसदेपुढे कधी ठेवला आणि सोबत सरकारचे म्हणणे काय होते? दुसरा: आपले कायदे या कराराशी कुठे कुठे जुळत नाहीत, त्याची कलमवार यादी मंत्रालयाने केली आहे का, आणि ती सभागृहाच्या पटलावर ठेवणार का? ही यादी एकदा बाहेर आली की उरलेले भांडण आम्ही करू. तिसरा प्रश्न आर्थिक छळाचा: उचल, खाडा आणि मुकादमी यांचा विचार त्या यादीत झाला आहे का? लोकसभेत प्रश्नाची नोटीस किमान पंधरा दिवस आधी द्यावी लागते, हे आपल्याला माहीत आहेच. आपल्यातले जे श्रमविषयक स्थायी समितीवर असतील त्यांनी ऊसतोड महिलांना समितीपुढे साक्षीला बोलवावे. दुभाष्याची सोय केलीत तर त्या बोलतील, आणि आमच्यापेक्षा स्पष्ट बोलतील.

राज्याच्या हातात असलेल्या दोन गोष्टी आपल्या शब्दाने मान्यतेची वाट न पाहताही होतील. एक, गाळप सुरू असेपर्यंत कारखाना असलेल्या प्रत्येक तालुक्यातल्या समन्वय अधिकाऱ्याने दर आठवड्याला ऊसतोड मजुरांच्या अड्ड्यावर जायचे आणि तक्रार बाईच्या गावच्या जिल्ह्यातही नोंदवता यायची. दुसरी, जोडीऐवजी बाईची नोंद तिच्या स्वतःच्या नावाने, ओळखपत्रासह, आणि टनाचा हिशेब दोघांच्या मोबाइलवर. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झाले आहे, त्याला हे काम अवघड नाही.

हिवाळी आणि अर्थसंकल्पीय अधिवेशने गाळपाच्या हंगामातच येतात. म्हणजे आपण प्रश्न विचाराल तेव्हा ज्यांच्यासाठी विचाराल त्या फडावर असतील आणि त्यांना ते कळणारही नाही. म्हणून नोटिशीची आणि मंत्र्यांच्या उत्तराची प्रत आम्हाला पाठवावी. मराठीत नसली तरी चालेल, आम्ही करून घेऊ. अड्ड्यांवर ती वाचून दाखवायची व्यवस्था आमच्या गटाने केली आहे. कोणत्या खासदारांनी विचारले आणि कोणी नाही, तेही वाचून दाखवले जाईल.

कळावे.

आपली,
बीड लोकसभा मतदारसंघातील एक मतदार